झोपेतला घास

जळगाव
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय रोशनी अक्का,

पाकीट बघून तुझ्या छातीत धस्स होईल, म्हणून आधीच लिहितो की मी ठीक आहे. मोबाईल मी कन्हैयालाल शेठजींच्या गल्ल्यात ठेवून दिला आहे. रात्री तो हातात असला की खाण्याचेच व्हिडिओ दिसतात आणि बोट आपोआप कुठेतरी ऑर्डर करतं. शिवाय तुमच्या घरात फोन एकच, तोही दाजींच्या खिशात. तुझ्याशी दोन शब्द बोलायचे तर अख्खं घर कान देऊन ऐकतं. हिलाल भाऊ धुळ्याच्या गाडीवर कंडक्टर आहेत. ते म्हणाले, पत्र दे, संध्याकाळपर्यंत पोचवतो. ऑपरेशनबद्दल तुला नीट सांगायचं होतं, ते असं कागदावरच जमेल.

रक्त जुळलं, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. माझी किडनी तुला चालते. अडलंय फक्त माझ्या वजनावर. बारा किलो उतरल्याशिवाय ते मला टेबलावर घेणार नाहीत. डॉक्टर म्हणाले, एकाला बरं करताना दुसरा पेशंट तयार करायचा नाही. आणि तू डायलिसिसच्या मशीनवर फार दिवस काढू नयेस, हेही म्हणाले. ते त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पण तुझ्यापासून मी काही लपवत नाही.

म्हणून मी त्याच दिवसापासून कडक सुरुवात केली. सकाळी काही नाही, दुपारी एक काकडी. शेठजींच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवणं आटोपतात. राजकुंवर भाभी मलाही हाक मारतात, मी एकच फुलका घेतो. त्यानंतर तोंडात काही घालायचं नाही असा नेम मी शेठजींसमोर घेतला. ते म्हणाले, "देव तुझा वेगळा, माझा वेगळा. पोट मात्र सगळ्यांचं एकाच जातीचं."

तरी माझं वजन वाढलं.

अक्का, मी रात्री खातो आणि सकाळी मला ते आठवत नाही. दुकानाच्या वर माझी खोली, शेजारी गोडाऊन. गुळाच्या भेल्या, फुटाणे, शेंगदाणे, सगळं हाताशी. उठतो तेव्हा जिभेवर गूळ असतो, दातांत फुटाण्याचं साल. गोडाऊनला कुलूप लावून किल्ली भाभींकडे दिली. उशाशी मायचा जर्मलचा डबा तेवढा राहिला. त्यात मूठभर गूळफुटाणे होते. मायची वस्तू कुलपात घालणं जिवावर आलं.

परवा मध्येच जाग आली. माझं तोंड उघडं होतं आणि घास आधीच आत होता. माझे दोन्ही हात पांघरुणात होते. खोलीत वाळकं पान जाळल्यासारखा वास होता. मी खाली दुकानात जाऊन सगळी पोती तपासली, आग कुठेच नव्हती. सकाळी उशाशी फरशीवर गूळफुटाणे कुटून वळलेले गोळे होते, एका ओळीत मांडलेले. मी करून पाहिले. मला तसे वळता येत नाहीत.

झोपेत माणूस स्वतःला इतकं फसवू शकतो का? तू माझ्याहून जास्त पाहिलं आहेस. कळव.

तुझा,
धर्मेंद्र


धुळे
२१ नोव्हेंबर

चि. धर्मा,

पत्र मिळालं. सासूबाईंनी विचारलं, आजकालच्या काळात पत्र कोण लिहितं, पोरगं कुणाच्या प्रेमात पडलं का? मी म्हटलं, पडलंय, वजनकाट्याच्या.

आधी मला एवढंच कळव. गोळे केवढे होते, बोराएवढे की लिंबाएवढे? आणि ओळीतला शेवटचा गोळा बाकीच्यांपेक्षा मोठा होता का? नीट आठवून लिही.

घाबरायचं कारण नाही. भुकेल्या पोटी माणूस झोपेत चालतो, बोलतो, तसं खातही असेल. दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमना सांग. आणि तो डबा माझ्याकडे पाठवून दे. खोलीत खायचं काहीच नको. मयुरीला गूळफुटाणे आवडतात, ती दोन दिवसांत फस्त करील. अन्न फेकायला नको आणि तुझ्या डोळ्यांसमोरही नको.

डबा मात्र नक्की पाठव. विसरू नकोस.

तुझी,
अक्का


जळगाव
२४ नोव्हेंबर

प्रिय अक्का,

गोळे बोराएवढे होते. शेवटचा मोठा होता, जवळजवळ दुप्पट. तुला हे कसं कळलं?

आहाराच्या मॅडमना मी सांगितलं नाही. त्या सकाळी पोटभर खा म्हणून मागे लागतात. पोटभर खाऊन कुणाचं वजन उतरलंय? आणि झोपेतलं ऐकून त्यांनी मला वेड्याच्या डॉक्टरकडे धाडलं, तर ऑपरेशन आणखी लांबेल.

डबा हिलाल भाऊंकडे देत आहे. झाकण सैल आहे म्हणून फडक्यात बांधला आहे. भाऊ म्हणाले, "काय रे, बहिणीला आहेर एवढासाच?" मी म्हटलं, मोठा आहेर नंतर देणार आहे, तो डॉक्टर बांधून देतील. ते हसले नाहीत.

तुझा,
धर्मेंद्र


जळगाव
१९ डिसेंबर

प्रिय अक्का,

डबा गेला त्या रात्रीपासून मी एकदाही उठलेलो नाही. वास नाही, जिभेवर चव नाही. काटा खाली येतो आहे. शेठजींनी मला दुकानातल्या काट्यावर उभं करून गिऱ्हाइकांना सांगितलं, "बघा, आमच्याकडे मालात घट येते ती अशी." सगळे हसले, मलाही बरं वाटलं. दवाखान्यात म्हणाले, असंच चाललं तर फेब्रुवारीत तारीख देता येईल.

मी अजूनही दिवसा काकडीवरच आहे. दुपारी खोक्यांवर गावांची नावं लिहिताना डोळ्यांपुढे अंधारी येते, फैजपूरचा फ लिहून थांबावं लागतं, पण ते चालायचंच.

तुझं मागचं पत्र दोनच ओळींचं होतं आणि त्या ओळी तिरक्या गेल्या होत्या. मशीनवरून आल्यावर लिहिलं होतंस का? डबा जमेल तेव्हा परत पाठव. त्याच्याशिवाय झोप लागते, पण सकाळी उठल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

तुझा,
धर्मेंद्र


धुळे
२३ डिसेंबर

चि. धर्मा,

तुझं वजन उतरतंय हे ऐकून फार आनंद झाला.

रिकामा डबा परत करायचा नसतो, तुला माहीत आहे. माय शेजारणीची वाटीसुद्धा चिमूटभर मीठ टाकल्याशिवाय देत नसे. सध्या त्यात घालून पाठवावं असं घरात काही नाही. राहू दे इथेच.

मी छान आहे. रात्री झोप चांगली लागते. लहानपणी लागायची तशी.

तुझी,
अक्का


धुळे
९ जानेवारी २०२५

धर्मेंद्र यांस,

मी ललित. पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. फोन लावायचा होता, पण तुमचा फोन शेठजींकडे असतो आणि हे त्यांच्या कानावर घालण्यासारखं नाही.

रोशनीला परवा पहाटे दवाखान्यात न्यावं लागलं. हातपाय लुळे पडले, छातीचे ठोके चुकायला लागले. रक्तात पोटॅशियम फार वाढलं होतं. ताबडतोब मशीनवर घेतलं म्हणून वाचली. डॉक्टर मला फाडफाड बोलले, हिला गूळ, फुटाणे कोण देतं म्हणून. मी कोण देणार? घरात आणतच नाही. आई आमच्या मयुरीवर ओरडली, पोर रडून रडून झोपली.

तिच्या उशीखाली गोळे सापडले. विचारलं तर भिंतीकडे तोंड करते.

एक विचारायचं होतं. तो जर्मलचा डबा तुमच्याकडचाच ना? मी रोज रात्री तो माळ्यावर ठेवतो. सकाळी तिच्या उशाशी असतो. मला आधी वाटलं ती उठून काढते, पण तिला सध्या शिडी चढवत नाही, ग्लास उचलताना हात कापतो. आणि तो डबा भरलेलाच आहे. तुम्ही मध्ये पुन्हा भरून पाठवला होता का?

मी रिक्षा चालवतो, रात्रीअपरात्री कुठूनही जातो, असल्या गोष्टी मानत नाही. म्हणूनच तुम्हाला सरळ विचारलं.

ललित


जळगाव
१० जानेवारी

अक्का,

दाजींचं पत्र मिळालं. मी पुन्हा काहीही पाठवलेलं नाही. एकदाच पाठवला होता, मूठभर.

तू मला झोप चांगली लागते असं लिहिलंस. मी इथे काट्यावर उभा राहून लोकांना हसवत होतो आणि जे माझ्याकडून गेलं ते तुझ्या उशाशी येऊन बसलं होतं. मी नऊ किलो उतरलो ते कुणासाठी? तुला काही झालं तर ही किडनी मी कुणाला देऊ?

गोळा केवढा, शेवटचा मोठा का, हे तू पहिल्याच पत्रात विचारलं होतंस. तुला तेव्हापासून माहीत आहे. मला सांग. आणि डबा पाठव, रिकामा असो की भरलेला.

धर्मेंद्र


धुळे
१५ जानेवारी

चि. धर्मा,

तुला आठवणार नाही, तू नुकता चालायला लागला होतास. पावसाळा सरला की आपण बठ्ठे गुजरातेत ऊसतोडीला जायचो. फडाच्या कडेला पाचटाची कोपी, उसाच्या वाळक्या पानांची झोपडी. तोडीची हाळी मध्यरात्रीनंतर यायची. माय-बा गेले की दिवस वर येऊन कलेपर्यंत कोपीत आपण दोघंच. तुला भरवायला माझ्याशिवाय कुणी नाही आणि मी सात वर्षांची.

म्हणून निघायच्या आधी माय आपल्याला झोपेतच भरवायची. डोळे उघडायचे नाहीत, नुसतं तोंड उघडायचं. गूळ आणि फुटाणे कुटून ती बोराएवढे गोळे वळायची, तुझ्या घशात अडकू नयेत म्हणून. उरलेले आपल्या उशाशी ओळीत मांडून ठेवायची, उठल्यावर एकेक खायला. शेवटचा मोठा माझा. तिच्या लुगड्याला जळक्या पाचटाचा वास असायचा. तुझं पहिलं पत्र मी उभ्यानं वाचलं आणि खाली बसले.

आता खरं लिहिते. मला तुझा राग आला. आजारी मी, दर आठवड्याला सुया टोचून घेणारी मी, आणि माय गेल्यावर ती तुझ्याकडे आली. म्हणून मी डबा मागवला. तुझ्या वजनासाठी मागवला असं तुला वाटलं, मी तसं वाटू दिलं.

पहिल्याच रात्री आली. गूळफुटाणे मला विष आहेत हे मला पाठ आहे. पण झोपेत तिचं बोट ओठाला लागतं तेव्हा तोंड कोण मिटणार? मी डोळे मिटून घेते, तेव्हा घ्यायचे तसे. सकाळी वाटतं, आज रात्री नको म्हणू. रात्री वाटतं, उद्या.

दवाखान्यात पडल्या पडल्या एक गोष्ट लक्षात आली. ती उपाशी लेकराकडे येते. तू काकडीवर दिवस काढतोस. मला अन्नाचा वास आला की उलटी होते, म्हणून मी ताट तसंच सरकवते. तिला वाटतं, आपल्याला दिवसा भरवायला अजून कुणी नाही.

डबा हिलाल भाऊंकडे दिला आहे. मीठ घालायला लागलं नाही, तो भरलेलाच आहे. माझ्याच्यानं तिला नाही म्हणवणार नाही. तुला म्हणता आलं तर बघ.

तुझी,
अक्का


जळगाव
१६ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

मधले दिवस मी मुद्दाम लिहिलं नाही. तुला अर्धवट सांगून घोर लावायचा नव्हता.

डबा आला त्या रात्रीच मी पुन्हा खाल्लं. दुसऱ्या रात्रीही. काटा वर सरकला. तेव्हा मी आहाराच्या मॅडमकडे गेलो आणि रात्रीचं सगळं सांगितलं, फक्त कोण भरवतं ते सोडून. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, दिवसभर शरीराला कोंडून ठेवलं तर ते रात्री दार तोडणारच. सकाळी खा, दुपारी खा, मापात खा, पण खा. हेच त्या पहिल्यापासून सांगत होत्या.

मी राजकुंवर भाभींना विचारलं, सकाळी तुमच्याकडे जेवलो तर चालेल का? त्यांनी मला पाटावर बसवलं. म्हणाल्या, "आमच्यात उपास करणाऱ्यापेक्षा उपास सोडणाऱ्याचं कौतुक जास्त. घरची सगळी त्याला घास भरवायला येतात, त्याला पारणं म्हणतात. तू कार्तिकापासून उपाशी आहेस आणि तुझं पारणं कुणी केलंच नाही." त्यांनी मुगाची खिचडी वाढली. दिवसाउजेडी, कुणासमोर बसून, डोळे उघडे ठेवून मी किती दिवसांनी खाल्लं ते मला सांगता येणार नाही.

तरी ती यायची. पोट भरलेलं असूनही माझं तोंड उघडायचं. तुझं खरं आहे, बोट ओठाला लागलं की काही चालत नाही. सवय पोटात नव्हतीच, तोंडात होती.

मग एका रात्री मी ठरवून जागा राहिलो. आधी तो वास आला. मग झाकण निघाल्याचा आवाज. मी डोळे उघडले. चेहरा दिसला नाही, तिथे नुसता अंधार होता, पण हात दिसला. उसाच्या पात्यानं चिरलेली बोटं, चिरांमध्ये काळं. मायचा शेवटच्या दिवसांतला सुकलेला हात मी ओळखतो. हा तरुण हात होता, माझ्याहून तरुण. त्यात गोळा होता.

पंगतीत नको म्हणताना आपण ताटावर आडवा हात धरतो, तसा मी तोंडासमोर धरला. म्हटलं, "माय, पोट भरनं. आते मी दिवसा खासू."

हात तसाच थांबला. मला वाटलं आता काहीतरी होईल. मग तो खाली आला आणि पांघरुणावरून माझं पोट चाचपू लागला, निजलेल्या पोराचं चाचपतात तसं, हळूहळू, सगळीकडून. थंड होता. मी श्वास धरून पडून राहिलो. पोट खरंच भरलेलं होतं, अक्का, नाहीतर तिला कळलं असतं. मला खोटं बोलता येत नाही, तिच्याशी तर नाहीच.

गोळा डब्यात परत पडल्याचा आवाज आला. झाकण लागलं. सकाळी डबा उघडून बघितला तर आत एक सालसुद्धा नव्हतं. त्यानंतर काही झालेलं नाही. मी दिवसातून तीनदा जेवतो आणि काटा उतरतो आहे. काल डॉक्टरांनी तारीख दिली. मार्चचा पहिला आठवडा. दाजींना फोन करून कळवतील.

आता ऐक. ती इथून गेली, पण कुठे गेली ते मला माहीत नाही. डबा माझ्याकडे आहे म्हणून ती तुझ्याकडे येणार नाही असं मी धरून चालत नाही. तुला चालतं ते अन्न दिवसा खा. उलटी झाली तरी पुन्हा खा. दोन घास, पण डोळे उघडे ठेवून. ऑपरेशनपर्यंत एवढं कर.

तुझा,
धर्मेंद्र


धुळे
२० फेब्रुवारी

चि. धर्मा,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी खाते आहे. भाजी उकडून, पाणी फेकून, बिनमिठाची. मयुरी समोर बसते आणि मास्तरणीसारखी बोट दाखवते. पहिल्या दिवशी निम्मं बाहेर आलं. काल सगळं राहिलं.

काल रात्री ती आली होती.

मी डोळे उघडेच ठेवले होते. ती उशाशी आली नाही, दारात उभी होती. दार उघडं होतं, ते कुणी उघडलं मला माहीत नाही. हे शेजारी घोरत होते. तिचे दोन्ही हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. मग तिनं विचारलं, "भाऊ जेवना का?"

मी म्हटलं, हां, जेवना.

"नि तू?"

मी मान हलवली. तिनं माझ्याकडे निरखून बघितलं, खरं बोलते की खोटं ते बघायची तसं. मग तोडीला निघताना बांधायची तसं डोक्याला फडकं बांधलं. गल्लीत कुठेतरी ट्रॅक्टर सुरू असल्याचा आवाज येत होता आणि बायका बोलत असल्यासारखं वाटत होतं.

कोपीत असताना मी रडले की ती उंबऱ्यावरून परत यायची. एकदा बानं तिला त्यावरून मारलंही होतं. काल मला रडू आलं होतं. मी ते गिळलं. ती निघाली, पायरी उतरली, मागे वळली नाही.

मग मी उठले आणि दार आतून लावून घेतलं.

तुझी,
अक्का